अंधारात ठेवायचं जेल

क्षमाच्या बोटांवर गुलाबी डाग.

लाल दिवा ठणठणीत.

अनुपमच्या खिशात बडीशेपेची पुडी.

मझौलीच्या नथ्थूचा पाय.

सर्जनचा फोन आला, तेव्हा डॉ. पद्मजा तो दिवाच तपासत होती.

"मॅडम, जखम सडतेच आहे. उद्या पाय कापतोय."

पद्मजा वैतागली. हे जेल तिनंच घडवलं होतं. जखमेवर लावायचं, लाल उजेड टाकायचा, जंतू खलास. प्रयोगशाळेत दर वेळी चाललं. नथ्थूच्या पायावरच काहून नाही?

जेल लावणाऱ्या क्षमा सिस्टरला तिनं धारेवर धरलं.

"बरणी उजेडात उघडलीस?"

"नाही दीदी. अंधाऱ्या खोलीतच बरणीवरची काळी पिशवी फाडते."

"आणि बोटांवरचा हा रंग?"

"झाकणाचा. हात ओले असले की लागतो. धुऊन धुऊन कंटाळली मी."

पद्मजानं बरणी उघडली. गडद निळं असायला हवं ते जेल पार फिकट होतं.

तिनं दिवा बदलला. नथ्थूची रक्तातली साखर पुन्हा तपासायला लावली. सगळं ठीक! भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेल भरणाऱ्या अनुपमकडे गेली. तिचा पीएचडीचा विद्यार्थी, सराफ्यातल्या सोनाराचा मुलगा. गुलाबी कागदाची पुडी उघडून तो बडीशेप चघळत होता.

"काळ्या पिशव्या मधे संपल्या होत्या ना?"

"आल्या की, मॅडम."

"येईपर्यंत बरण्या कशात होत्या?"

त्यानं पुडी खिशात कोंबली.

"मी सांगते. तुमच्या दुकानात दागिना बांधतात, त्या गुलाबी कागदात. घरची सवय! झाकणं ओली होती, रंग उतरला. पण तो कागद लाल उजेड अडवत नाही, अनुपम. आणि आपलं जेल लाल उजेडानंच कामाला लागतं. खिडकीजवळच्या रॅकवर ते बरणीतच खर्ची पडलं, म्हणून फिकं. नथ्थूला आपण नुसता थंड लेप लावून राहिलो."

"मला वाटलं, चालून जाईल."

"मग त्याच बरण्या काळ्या पिशव्यांत गुपचूप का भरल्या?"

"थीसिस अडकला असता, मॅडम."

"आणि मी त्या क्षमाला झापत बसले!"

अनुपमनं घाईघाईनं फ्रीज उघडला. "ही ताजी आहे. एकदम गडद. पळत नेऊन देऊ का वॉर्डात?"

पद्मजानं फ्रीजचं दार लावलं.

नथ्थूचा पाय सकाळीच गुडघ्याखाली कापला होता.