ओठ न हलवता बोलायची भाषा

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला खोटी वाटते त्याने खुशाल खोटी म्हणावी, साधनाला त्याने काही फरक पडत नाही. साल १९६७, ज्येष्ठातली दुपार, गाव बालाघाट. वैनगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं, कवेलूच्या छपराचं घर.

भुतं फक्त रात्रीच निघतात असं मानणाऱ्यांनी ती दुपार पाहायला हवी होती.

साधना त्या घरची धाकटी सून. माहेर तुमसरचं. नवरा भोजराज तिरोडीच्या खाणीत कामाला, घरी यायचा तो रविवारी. थोरली जाऊ अंजना. दोघी दुपारभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या आणि दोन हातांवर खाटेवर सासू दुर्गाबाई पडलेली असायची.

दुर्गाबाईच्या जिभेला हाड नव्हतं. सुना आपसांत दोन शब्द बोललेल्या तिला खपायच्या नाहीत. कोणाचे ओठ हलताना दिसले की माहेरासकट उद्धार ठरलेला.

मग अंजनाने नवी भाषाच काढली.

पहिला नियम, ओठ हलता कामा नयेत. म्हणून प, फ, ब, भ, म बाद. उ आणि ओ पण बाद, कारण ओठ गोल होतात. उरलेल्या आवाजांतून साधनाने शब्द रचले. सासू म्हणजे 'खरल'. देणं म्हणजे 'डेशे'. काम आधी सांगायचं, माणूस नंतर. आणि 'नको' म्हणायचं असलं की तेच शब्द श्वास आत ओढत म्हणायचे.

चार वर्षांत तीनेकशे शब्द झाले. लपवण्यासारखं जेवढं होतं तेवढ्यालाच शब्द होते. चूल, भाकरी, पाणी यांना कशाला करत बसायचं?

दुर्गाबाई खाटेवर डोळे मिटून पडलेली असायची. ती झोपली आहे असं दोघींना वाटायचं.

वैशाखात तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टरने दर तासाला दोन चमचे पाणी द्यायला सांगितलं. तिचं सगळं करता करता दोघींच्या नाकी नऊ आले. खोटं कशाला बोलायचं, दोघींना ती नकोशी झाली होती.

त्या दुपारी घरात पुरुष नव्हते. साधनाने चमचा भरला. दुर्गाबाईने तोंड उघडलं.

आणि अंजना श्वास आत ओढत म्हणाली, "डेशे खरल..."

नको देऊ तिला.

साधनाचा हात थांबला. अंजना मान खाली घालून बिडी वळत होती. साधनाने चमचा परत भांड्यात ठेवला.

मग तिने खाटेकडे पाहिलं...

दुर्गाबाई चमच्याकडे बघत नव्हती. अंजनाकडेही नाही. ती साधनाकडे बघत होती.

चमचा पुन्हा कोणी भरला नाही. ऊन उतरायच्या आत सगळं आटोपलं. पुरुष धावत आले तेव्हा अंजनाने गळा काढला आणि मेलेल्या तोंडात तुळशीचं पान घालून पाणी सोडलं. सुनांच्या हातचं शेवटचं पाणी मिळालं, म्हातारी भाग्याची, असं सगळी आळी म्हणाली.

साधना मनात एकच विचारत होती. म्हातारीला कळलं असेल का?

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी दोघी पुन्हा सूप घेऊन बसल्या. खाट बाहेर काढून टाकली होती. जमिनीवर तिच्या चार पायांचे खड्डे तेवढे राहिले होते.

पानं कापणारी कात्री चालू होती. रस्त्यावर सायकल नाही, माणूस नाही, कावळासुद्धा नाही...

"तिरगळ..."

आवाज त्या चार खड्ड्यांच्या मधून आला. कोरड्या घशातून.

असा शब्द त्यांच्या भाषेत नव्हताच. तरी साधनाला अर्थ कळला. इतका कोरडा घसा दुसरं काय मागणार?

"बाई, ऐकलं का?" तिने अंजनाला विचारलं.

"काय ऐकू? हात चालव." अंजनाने मान वर केली नाही. तिच्या हातातलं पान मात्र फाटलं.

दुसऱ्या दिवशी एका शब्दाची वाक्यं झाली. काम आधी, माणूस नंतर. एकही चूक नाही. म्हातारी चार वर्षं झोपलीच नव्हती. ती शिकत होती. आता तर तिने स्वतःचे शब्द करायला घेतले होते. साधनाला निम्मं कळायचं, निम्मं नाही. 'डेशे' मात्र रोज यायचं, श्वास आत ओढून.

चार दिवसांत साधना अर्धी झाली. भोजराजला सगळं सांगून टाकते, म्हणाली.

अंजना शांतपणे म्हणाली, "सांग ना. चमचा कोनाच्या हातात होता, थे बी सांगजो. मंग पाहू तुले घरात कोन ठेवते."

साधनाने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. सख्खी बहीण मानलं होतं तिने या बाईला.

आठवड्याने ती विहिरीवरून परत आली. दारातच थबकली...

आत दोघी बोलत होत्या.

अंजना त्या चार खड्ड्यांसमोर हात जोडून बसली होती. ओठ मिटलेले. पण आतून शब्दांमागून शब्द येत होते आणि त्यातला एखाददुसराच साधनाला कळत होता. पलीकडून उत्तरं येत होती.

मग सगळं थांबलं.

"काय सांगतलं तिले?" साधनाने दारातूनच विचारलं.

अंजना वळली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"मी म्हनलं, मले सोड. मी तं नुसती बोल्ली. हात साधनाचा होता."

"मंग?"

"हौ म्हनली."

त्या दिवसापासून अंजनाला काही ऐकू आलं नाही. ती पोटभर जेवायची, गाढ झोपायची. साधनाला तिचा इतका राग यायचा की भुताचीही भीती वाटेनाशी व्हायची.

आषाढात भोजराज तिला तिरोडीला खाणीच्या चाळीत घेऊन गेला. आवाज त्या घराचा आहे, तिथेच राहील, असं तिने मनाला समजावलं. नव्या खोलीत तिने माठ भरला, पेला बुडवला...

"तिरगळ..."

सात वर्षं गेली. दरवर्षी नवे शब्द वाढले. हळूहळू साधनाला काहीच कळेनासं झालं. तिच्याच तोंडाने केलेली भाषा तिला परकी झाली. फक्त आवाज कोणाचा, ते कळायचं.

१९७४च्या श्रावणात, एका सकाळी ती पाणी प्यायला बसली.

त्या दिवशी आवाज एक नव्हता...

दोन होते.

तिसऱ्या दिवशी बालाघाटहून कार्ड आलं. अंजना गेली. त्याच सकाळी, बसल्या जागी.

त्या दोघी काय बोलतात ते साधना कोणाला सांगू शकत नाही, कारण तिला ते समजत नाही. पण बोलणं दिवसभर चालू असतं. भांडणासारखं वाटत नाही. काहीतरी ठरवत असल्यासारखं वाटतं.

साधना पेला तोंडाला लावते, तेव्हाच त्या गप्प होतात.