ओलेचा मुक्काम

सू फॉल्सच्या वाचनालयात शनिवारी कराचे फॉर्म फुकट भरून मिळतात, एवढंच ऐकून ब्रिन आली होती. बाहेर बर्फ, आत हीटरची ऊब, आणि टेबलामागे हा... नेल्स. आठवडाभर शाळेत भूगोल शिकवणारा, शनिवारी लोकांचे फॉर्म भरणारा, आणि चौकशा करण्यात कुणाही शेजारणीला मागे टाकणारा.

काम साधं होतं. सप्टेंबरात ती मिनेसोटातल्या मँकेटोहून इथे साउथ डकोटात राहायला आली. नोकरी जुनीच, फक्त आता घरून. साउथ डकोटा पगारावर कर घेत नाही. कंपनी मात्र डिसेंबरपर्यंत मिनेसोटाचा कर कापत राहिली. ते पैसे तिला परत हवे होते.

"मिळतील की," नेल्स म्हणाला. "पण तुम्ही इथे कायमच्या आलात ना? नुसतं सामान हलवून भागत नाही. जीव कुठे गुंतलाय, तेही बघतात."

"सरकार?" ब्रिनला हसू आलं.

"अहो, खरंच. जिवाभावाची वस्तू कुठे ठेवलीये, ते विचारतात."

जिवाभावाचा होता ओले, ब्रिनचा बारा वर्षांचा बोका, आणि तो मँकेटोला बहिणीकडे होता. इथे करमलं नाही तर उन्हाळ्यात परत फिरायचं, म्हणून... बहिणीला तिने सांगितलं होतं, ओलेला प्रवास सोसत नाही. खरं काय ते आज पहिल्यांदाच, या अनोळखी माणसापुढे तिच्या तोंडून निघालं.

"मग तुम्ही अजून मिनेसोटाच्याच," नेल्सने पेन खाली ठेवलं. पैसे गेले याचं ब्रिनला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याचा चेहरा का पडला, याच विचारात ती घरी पोचली.

पुढच्या शनिवारी ती एक शंका घेऊन गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी शंका उरली नव्हती, तर लिंबाच्या वड्या घेऊन गेली. नेल्सने मँकेटोची नदी विचारली, बहीण विचारली, ओलेच्या खोड्या विचारल्या. परत कधी जाणार, एवढंच विचारलं नाही. एवढा चौकस माणूस, आणि नेमकं तेच टाळतो — ब्रिनला तो फार, फार आवडायला लागला होता.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी ती पोचली तेव्हा तो टेबल आवरत होता.

"मला वाटलं, गेलीस," तो म्हणाला. 'तुम्ही' कुठच्या कुठे पळालं होतं.

"गेलेच होते. मँकेटोला." तिने जाळीची टोपली टेबलावर ठेवली. आतून एक नाराज म्याव आलं. "गेल्या वर्षाचा कर मिनेसोटालाच राहू दे. तेव्हा मी खरंच तिथलीच होते. आणि इथे कायमची आले ती तारीख... आजची धर."

नेल्सने जाळीतून बोट आत सरकवलं. ओलेने ते हुंगलं आणि चावलं. नेल्सने बोट काढून घेतलं नाही.

"परत कधी जाणार?" त्याने एकदाचं विचारलं.

"छे," ब्रिन म्हणाली, "ओलेला प्रवास सोसत नाही."