तिला आजच आना

खोटं सांगून मला काहीही मिळणार नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि ती अजूनही त्यातून बाहेर आलेली नाही.

मागच्या वर्षीची होळी होऊन गेली होती. शनिवार होता. पनवेलजवळचं आपटा गाव, आणि भर दुपार.

माझी बहीण, डॉक्टर मनस्वी, पनवेलच्या एका हॉस्पिटलमध्ये संशोधन करते. बाळंतपणात अत्यवस्थ होऊन आयसीयूत आलेल्या बायका कशाने वाचतात, कशाने दगावतात, हा तिचा विषय. जी दगावली, तिच्या घरी जाऊन काय घडलं ते विचारायचं, हेही तिचंच काम.

त्या दुपारी ती ठमाबाईंच्या ओटीवर बसली होती. ठमाबाईंची थोरली सून रिया त्याच आयसीयूत दगावली होती. बाळंत झाल्यावर रक्त थांबलंच नाही. बाळही गेलं.

“रक्त कधीपासून जात होतं, मावशी?”

“सकालपासून,” ठमाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला...

“नाय. रातीच सुरू झालेलं. कोनाला उठवलं नाय.”

धाकटी सून असेल, मनस्वीला वाटलं.

“गाडीत नेताना शुद्धीवर होती का?”

“नाय वो. डोलेच उघडले नाय तिनं.”

पुन्हा आतून, अगदी हळू...

“सगलं ऐकू येत व्हतं.”

मनस्वी काही बोलणार, इतक्यात अंगणातून कुणीतरी वर आलं. नववा महिना लागलेली एक पोरगी. हातात शेजारून आणलेलं ताक.

“ही आमची धाकटी, प्रांजल,” ठमाबाई म्हणाल्या.

मनस्वीने आतल्या दाराकडे पाहिलं.

“मग आत कोण आहे?”

“आत? आत कोन नाय, बाय.”

ती उठून आत गेली. बंद खिडकी. खाट. खाटेवर घडी केलेली गोधडी.

कुणीच नाही.

ती वळली... आणि कानाशी कुणीतरी श्वास घेतला.

“तिला आजच आना.”

मनस्वी धडपडत बाहेर आली. प्रांजलला बसवून तपासलं. प्रेशर ठीक. पाय सुजलेले नाहीत. बाळाचे ठोके छान.

तरीही ती म्हणाली, “मावशी, हिला आजच दाखल करू. माझ्या गाडीतून नेते.”

“कशाला? अजून दिस हायेत. पोर चांगली हिंडतेय.”

“माझं ऐका. एक सून गेलीय तुमची.”

ठमाबाई उठल्या आणि प्रांजलची पिशवी भरू लागल्या.

पनवेलच्या वाटेवर, पळस्प्याच्या आसपास मनस्वीच्या डोक्यात ते आलं...

घरातलं माणूस म्हणेल, तिला न्या.

आना कोण म्हणतं?

जो आयसीयूत आधीच आहे, तो.

तिने गाडी कडेला घेतली. मागे प्रांजल डोळे मिटून बसली होती. परत फिरावं? कशाच्या भरवशावर? डॉक्टर होती ती. तिने गाडी पुन्हा सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रांजलला कळा सुरू झाल्या. या वेळी सगळं तयार होतं. रक्त, डॉक्टर, आयसीयूत बेड. दुपारी मुलगी झाली. रडली. सगळे हसले.

आणि प्रांजलचा श्वास अडकला.

गर्भजल रक्तात शिरलं होतं. लाखात दोन-चार जणींना होतं असं. धावत आयसीयूत आणलं. श्वासाची नळी घालण्याआधी मनस्वी तिच्या उशाशी होती. प्रांजल तिच्याकडे बघतच नव्हती. बेडच्या दुसऱ्या बाजूला बघत होती.

तिथे कुणीही नव्हतं.

“वयनी... जरा सरका ना,” ती पुटपुटली. “मला श्वास घ्यायला जागा नाय.”

तासाभरात ती गेली. शिकलेलं सगळं करून झालं होतं. तरी मनस्वी छाती दाबतच होती.

बाहेर ठमाबाई नातीला घेऊन बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या,

“बाय, तुमी तिला कशाला आनलीत? ती तर बरी व्हती.”



ती म्हणते, हे घरीही झालंच असतं. वैद्यकशास्त्र तेच सांगतं. थोड्या वेळाने मलाच विचारते,

“झालंच असतं ना?”

मी हो म्हणतो.

मला माहीत नाही.