मामाचा ताशी शंभरचा वेग

"माझ्याच प्रोग्रॅमनं माझ्या मामाला पकडलंय," दारातूनच एक तरुण पोरगी म्हणाली.

खाजगी तपास करणाऱ्या ताईनं संत्र्यांची टोपली तिच्यापुढे सरकवली. ताईचा धाकटा भाऊ तिचा मदतनीस. त्याचं डोकं जरा सावकाश चालायचं, हात मात्र टोपलीकडे लगेच गेला.

मामा तीस वर्षं रुग्णवाहिका चालवत होता. भाचीचा प्रोग्रॅम दर मिनिटाला गाडीचे अक्षांश-रेखांश घेऊन अंतर आणि वेग काढायचा. त्याच्या मते मामा ताशी शंभरनं गाडी हाकत होता. आज पाच वाजता रुग्णवाहिका सेवेचे साहेब त्याच्याकडून गाडीची किल्ली काढून घेणार होते.

"प्रोग्रॅम तपासलास कुठे?" ताईनं विचारलं.

"मुख्य कचेरीत, विषुववृत्ताजवळच्या शहरात. महिनाभरात एक चूक निघाली नाही."

"आणि इथे रोज शंभर?"

"नाही. नदीकाठच्या उत्तर-दक्षिण रस्त्यावर पन्नास. पूर्वेच्या इस्पितळाकडे वळला की शंभर."

ती गॅरेजमध्ये गेली, तर तिथला मिस्त्री उखडलाच. "गाडीच्या वेगकाट्याची नोंद मी स्वतः तपासलीय. पन्नासच्या वर ती गाडी गेलेली नाही!"

मामा शांतपणे गाडीची काच पुसत होता. "शंभर म्हणतायत ना? मग असेल," तो म्हणाला. "पोरीची नोकरी पुढच्या आठवड्यात पक्की होणार ना हो?"

गडी कबूल झाला, धाकट्याला वाटलं.

पावणेपाचला कचेरीत साहेबांसमोर ताईनं धाकट्याच्या हातातलं सोललेलं संत्रं काढून घेतलं.

"ही पृथ्वी. फोड पोटाशी रुंद, देठाशी निमुळती. दोन रेखांशांमधलं अंतरही उत्तरेकडे असंच आवळत जातं. आपण साठाव्या अक्षांशावर आहोत, इथे ते निम्मंच उरतं. प्रोग्रॅमनं विषुववृत्ताचं माप इथेही लावलं. म्हणून उत्तर-दक्षिण बरोबर, पूर्व-पश्चिम दुप्पट."

"मग मामांनी कबूल का केलं?" धाकट्यानं विचारलं.

"काटा तर रोज त्यांच्या डोळ्यांपुढे होता. पण प्रोग्रॅम चुकलाय म्हटलं, तर नोकरी कुणाची गेली असती?"

भाचीनं डोळे पुसत सूत्रात अक्षांशाचा कोसाइन घातला. शंभरचे पन्नास झाले. मामानं टेबलावर काढून ठेवलेली किल्ली साहेबांनी त्याच्याकडे परत सरकवली. "आपली चूक शोधायला स्वतः धावणारी माणसं मला हवीच आहेत," ते भाचीला म्हणाले.

"मामा, एक शब्द बोलला असतास तर?"

"माझी गाडी तीस वर्षं चालली गं," मामा म्हणाला. "तुझी आत्ता कुठे सुरू झालीय."

धाकट्यानं नाक ओढलं आणि राहिलेलं संत्रं मुकाट्यानं मामापुढे धरलं.