ताईच्या नावाचा रंग

चिंगमिंगच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या दिवशी दुपारी डोंगरावर जायचं आणि थडग्याच्या दगडावरची अक्षरं रंगवून यायचं, एवढंच काम होतं. दरवर्षी योंगनान स्वतः जायचा. यंदा चहाच्या मळ्यात त्याचा पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला, आणि काम बायकोच्या गळ्यात पडलं. फंगजूने टोपली भरली. त्यात मेलेल्यांसाठी जाळायचे कागदी कपडे, वाडगाभर हिरवे उंडे, दोन कुंचले आणि रंगाच्या दोन डब्या होत्या, एक काळी, एक लाल.

"आधी ताईचं नाव रंगव," योंगनानने बाकावर पाय पसरून बजावलं. "काळ्यात. मग माझं, लाल. मग तुझं."

"म्हणजे मी शेपटाला."

"अगं, रीत आहे ती."

"असणारच. या घरात मला जे जे झोंबतं, ते सगळं रीतच असतं."

योंगनान हसला. त्याला वाटलं, बायको थट्टा करते आहे. नवऱ्यांना बहुतेक वेळा असंच वाटतं.

ताई म्हणजे रुइशिया, योंगनानची पहिली बायको. फंगजू या घरात आली त्याच्या कितीतरी आधी ती तापाने गेली होती. फंगजूने तिला कधी पाहिलं नव्हतं, तिची एक तसबीरही घरात नव्हती. पण लग्नाच्या दिवशी उंबरा ओलांडण्याआधी फंगजूला डोंगरावर नेलं होतं, त्या दगडापुढे वाकवलं होतं आणि तीनदा 'ताई' म्हणायला लावलं होतं. जिवंत सवत असती तर भांडता तरी आलं असतं. मेलेल्या बाईशी भांडायचं कसं? ती म्हातारी होत नाही, तिचा भात करपत नाही, ती कधी उलटून बोलत नाही.

आमच्या डोंगरात माणसं जिवंतपणीच आपलं थडगं बांधून ठेवतात आणि दगडावर नावं कोरून घेतात. मेलेल्याचं नाव काळ्यात, जित्याचं लाल. माणूस गेला की लालावर काळा चढतो. त्या दगडावर इतकी वर्षं दोनच नावं होती, रुइशियाचं काळं आणि योंगनानचं लाल. फंगजूने रडून, रुसून, जेवण टाकून यंदा आपलं नाव तिसरं कोरून घेतलं होतं. नवऱ्याच्या शेजारी आपलीही जागा आहे हे दगडावर दिसावं, एवढीच तिची आस होती. नाव कोरलं गेलं. पण आधी ताईचं, आणि तिचं शेवटी.

तेही तिने गिळलं असतं. पण निघताना योंगनानने टोपलीतला एक उंडा उचलून खाल्ला. रानपाल्याचा रस काढून, त्यात तांदळाचं पीठ मळून, आत लाल चवळीचं गोड पुरण भरून तिने ते आदल्या दिवशीच वाफवून ठेवले होते, कारण चिंगमिंगला आमच्याकडे चूल पेटवत नाहीत.

"चांगला झालाय," तो म्हणाला. "फक्त..."

"फक्त काय?"

"काही नाही गं."

"बोला की."

"रुइशिया खारं सारण भरायची. बांबूच्या कोंबांचं. त्याची सर नाही येत."

दरवर्षीचा हा 'फक्त'. फंगजू मागच्या दाराशी गेली, काळी डबी उघडली आणि मोरीत उपडी केली. काळा ओघळ संथपणे भोकात गेला. मग रिकाम्या डबीचं झाकण नीट लावून तिने ती टोपलीत ठेवली.

डोंगरावर धुकं उतरलं होतं. बांबूच्या पानांवरून पाणी टपटपत होतं आणि खालून वरून ओल्या मातीचा नि जळक्या कागदाचा वास येत होता. वाटेत योंगनानची आत्या भेटली. जिभेला हाड नसलेली म्हातारी, नवऱ्याच्या थडग्याकडे निघाली होती.

"काय गं, यंदा नाव लागलं ना तुझं? निजलीस का आता शांत?"

"तुम्ही निजू द्याल तर."

"मी माझ्या म्हाताऱ्याला जेवू घालते आणि येते तुझ्याकडे. बघू दे कसं रंगवतेस. आमच्या रुइशियाचं नाव फार ठसठशीत कोरलंय हो."

आमच्या रुइशियाचं! फंगजूच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने दगड पुसला. योंगनानचं नाव लाल केलं. मग आपलं. नवी कोरलेली खाच रंग प्यायली आणि अक्षरं अशी झळकली की तिला हसू फुटलं. दोन लाल नावं शेजारी शेजारी, आणि पलीकडे रुइशियाचं नाव फिकं, शेवाळात बुडालेलं. अजून एकदोन पावसाळे गेले की वाचताही येणार नाही.

तेवढ्यात खालच्या वळणावर आत्याचा खोकला ऐकू आला.

फंगजू दचकली. म्हातारीने हे कोरं नाव पाहिलं की संध्याकाळपर्यंत गावभर होणार: धाकटी मेलेल्या बाईवर जळते! काळा थेंबभरही नव्हता. तिने लाल कुंचलाच उचलला. धुक्यात लाल आणि काळं सारखंच दिसेल, म्हातारीला तसंही धड दिसत नाही, उद्या येऊन वर काळा फासू. रुइशियाच्या नावावरून कुंचला फिरवताना तिच्या तोंडून गेलंच, "घे ताई. घे नटून एकदा. फार सर नाही ना येत माझ्या हाताला? मग ये की घरी, कर तुझं खारं सारण!"

बांबूतलं पाणी टपकायचं थांबलं.

वारा नव्हता, पाखरू नव्हतं. आत्याचा खोकलाही थांबला होता. वळणावर कुणीच नव्हतं. मात्र एक वास आला, चहाच्या बियांच्या तेलाचा. जुन्या बायका केसांना लावायच्या ते तेल. फंगजू ते लावत नसे. वास तिच्या पाठीमागून आला, कानाजवळून पुढे गेला आणि वाटेने खाली उतरला.

ती कागदी कपडे न जाळताच निघाली.

घरी पोचली तेव्हा योंगनान तसाच बाकावर होता, पण चेहरा खुललेला. हातात अर्धा उंडा.

"परत कुठे गेली होतीस?" त्याने विचारलं.

"परत? आत्ताच तर येतेय मी."

"मघाशी मागच्या दाराने आलीस ना... भांडी वाजवलीस की आत. मी हाक मारली तर बोलली नाहीस. म्हटलं, अजून फुरंगटली आहे." त्याने उंडा पुढे केला. "पण आज तू कमाल केलीस हं. मला न सांगता केलेस ना हे?"

फंगजूने घास घेतला. तोंडात कोंबाची चव आली, खारट, तुपकट, कोमट.

कोमट... चूल तर कालपासून थंड होती.

"सांग ना," योंगनान म्हणाला. इतक्या मायेने तो तिच्याकडे कधी पाहत नसे. "तूच केलेस ना?"

खरं बोलायची ती वेळ होती. पण एवढी वर्षं जो शब्द ऐकायला ती तरसली, तो समोर वाढून ठेवलेला. तो उचलून दुसरीच्या ताटात कसा टाकायचा?

"हो," फंगजू म्हणाली. "मीच केले."

आत स्वयंपाकघरात कुणीतरी हलकेच झाकण ठेवलं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या तिने शेजारून काळा रंग मागून आणला आणि धापा टाकत डोंगर चढली. रुइशियाचं नाव लालभडक होतं, ओलं, जणू आत्ता कुणी कुंचला उचलला. तिने काळा फासला. रंग दगडावर टिकेना. पाण्यासारखा ओघळून खाली गेला आणि लाल तसंच उरलं. तिने पुन्हा फासला. बोटांनी चोळला.

"ताई... चुकलं माझं," ती पुटपुटली. "ताई, परत जा..."

मग तिची नजर पलीकडे गेली.

तिचं स्वतःचं नाव काळं होतं.

ओलं नव्हे. जुनं, वाळून पापुद्रे सुटलेलं काळं, आणि खाचेत हिरवं शेवाळ. काल कोरलेल्यासारखी दिसणारी अक्षरं आता कडांना झिजलेली होती. फंगजूने नखांनी शेवाळ खरवडलं. त्याखाली पण काळंच होतं.

ती खाली पळत सुटली. वाटेत माणसं वर चढत होती, हातात टोपल्या, कागदी कपडे, हिरवे उंडे. काल झालेला सण आज पुन्हा कसा? आत्या काठी टेकत आली, आता अगदी कमरेत वाकलेली. "आत्या!" फंगजूने तिचा हात धरला. म्हातारीने तो हात नुसता झटकला, कोळ्याचं जाळं चिकटल्यावर झटकतात तसा, आणि वर निघून गेली.

घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. चिंगमिंगच्या दिवशी.

दार उघडं होतं. फंगजूला उंबरा ओलांडता येईना, पाऊल उचललं तरी ते बाहेरच पडायचं. योंगनान बाकावर बसला होता, केस पांढरे झालेले. एक बाई पाठमोरी चुलीपाशी उभी होती, फंगजूचाच एप्रन बांधून, आणि घरभर चहाच्या बियांच्या तेलाचा वास. टेबलाच्या कडेला एक भाताचा वाडगा ठेवला होता. भातात चॉपस्टिक उभ्या खोचलेल्या. जित्या माणसाच्या भातात त्या अशा कुणी खोचत नाही.

"दार लावते," बाई म्हणाली. "गार येतंय."

"राहू दे थोडा वेळ. आज धाकटीला आत यायला नको का?" योंगनानने समोरचा उंडा उचलून चावा घेतला. सावकाश खाल्ला. "चांगला झालाय. फक्त..."

बाईचा हात थांबला. "फक्त काय?"

"काही नाही गं."

"बोला की."

"फंगजू गोड पुरण भरायची. लाल चवळीचं. त्याची सर नाही येत."

खरं सांगायचं तर, त्या घटकेला फंगजूला भीती वाटायची राहूनच गेली. तिला आनंद झाला. दारात उभ्या उभ्या, भाताच्या त्या वाडग्याकडे बघत, तिचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत तो तिच्याविषयी एवढं गोड कधी बोलला नव्हता.

बाई वळली. रुइशियाचा चेहरा फंगजूने कधी पाहिला नव्हता, पण त्या चेहऱ्यावरचा भाव तिने लगेच ओळखला. तो ती रोज आरशात पाहत आली होती.

"डब्या घेतल्यास का?" योंगनानने विचारलं. "आधी धाकटीचं नाव रंगव. काळ्यात."

"ठाऊक आहे," रुइशिया म्हणाली. "रीत आहे ती."

ती मागच्या दाराशी गेली. काळी डबी उघडली आणि मोरीत उपडी केली. मग रिकाम्या डबीचं झाकण नीट लावून तिने ती टोपलीत ठेवली.