कानावरचा कॅमेरा

"हलू नका हो! चित्र वाकडं येईल."

सामन्याआधी पंचांच्या खोलीत तिच्या कानाशी झटापट करणाऱ्या त्या अनोळखी तरुणाकडे तिनं रागानं पाहिलं. बावीस धटिंगणांना शिट्टीच्या एका फुंकरीत जागच्या जागी उभं करणारी पंच ती! खेळाडू मागून तिला 'शिट्टीबाई' म्हणत, आणि तिला ते मनातून आवडायचंही. आणि हा कोण आला हलू नका म्हणणारा?

हा कॅमेरावाला. या मोसमापासून फुटबॉलच्या पंचांच्या अंगावर छोटा कॅमेरा लावायचा होता. आधी तो छातीवर लावला, तर कार्ड दाखवायला हात वर केला की पडद्यावर नुसतं कोपर! म्हणून यानं तो कानावर आणला.

"आता तुम्ही जिथं बघाल, तिथंच तो बघेल."

"म्हणजे माझी मान हा तुमचा स्टँड?"

"इतका देखणा स्टँड आमच्या गोदामात नाही..." बोलून तो स्वतःच लालेलाल झाला.

"गोदामातल्या स्टँडला तोंड नसतं. मला आहे, सांभाळून!" ती म्हणाली खरी, पण हसू काही आवरलं नाही.

मग प्रत्येक सामन्याला तो यायचा. तिच्या कानाला हात लावण्याआधी बोटं एकमेकांवर घासून ऊब आणायचा. आणि सामनाभर मैदानाच्या कडेला, टेबलावरच्या पडद्यात डोकं खुपसून बसायचा.

उपांत्य सामना संपत आला असताना यजमान संघाचा खेळाडू गोलसमोर कोसळला. अख्खं मैदान पेनल्टीसाठी ओरडलं. तिनं हातानंच खुणावलं — ऊठ, काही झालेलं नाही! यजमान हरले आणि त्यांनी तक्रार ठोकली, की पंचांचं लक्षच नव्हतं. तक्रार खरी ठरली असती तर फायनलची शिट्टी दुसऱ्याच्या हातात गेली असती. शाळेच्या मैदानापासून तिनं जपलेलं स्वप्न होतं ते.

चौकशीआधी तो पडलेल्या चेहऱ्यानं आला. "तुमचा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. पण चौकशीवाले पूर्ण सामना बघणार... आणि खेळ थांबला की दर वेळी कॅमेरा माझ्याकडे वळतो."

तिचा कॅमेऱ्याचा कान तापला. "कॅमेरा नाही — मी वळते."

"मी... तेवढं कापून टाकू? कुणाला कळणार नाही."

"खबरदार! मैदानावर मी काही लपवलं नाही, इथंही लपवणार नाही. एवढंसं जरी कापलंत, तर लाल कार्ड तुम्हालाच!"

चौकशीच्या खोलीत पडदा उजळला. बचाव करणाऱ्याचा पाय स्वच्छ चेंडूवर. गडी पडला तो मागाहून, आपल्या मनानं. मग तक्रारदारांतलाच एक खोचकपणे म्हणाला, "आणि हे टेबलाशी सारखं सारखं कोण दिसतंय?"

कॅमेरावाल्याला तोंड कुठं लपवू असं झालं. ती मात्र ताठ उभी राहिली. "मला आवडणारा माणूस आहे तो. खेळ थांबला तेव्हाच पाहिलंय. खेळ चालू असताना एकदाही नाही, तपासून घ्या."

"तपासलंय," पंचप्रमुख बाई म्हणाल्या. चष्म्याआडून त्यांना हसू फुटत होतं. "तुमच्यासारखी पंच आमच्याकडे आहे याचा अभिमान वाटतो. फायनल तुमचीच! फक्त ते टेबल तेवढं पलीकडच्या कडेला न्या."

बाहेर आल्यावर तो पुटपुटला, "सगळ्यांसमोर... असं बोललात?"

"पंच दिलेला निर्णय फिरवत नाही."

फायनल तिनं अशी चालवली, की हरलेला कप्तानही येऊन हात मिळवून गेला. शेवटची शिट्टी झाली. चेंडू काखेत मारून, मान ताठ ठेवून, सगळ्यांच्या देखत ती मैदान आडवं कापून पलीकडच्या टेबलाकडे निघाली. पडद्यावर त्याचंच वाकलेलं डोकं मोठं मोठं होत होतं, आणि हा खुळा अजून पडद्यातच बघत होता!

शेवटी त्यानं मान वर केली. डोळे भरलेले, हातातली वायर तशीच. तो गडबडीनं उठायला लागला.

"हलू नका हो," ती म्हणाली. "चित्र वाकडं येईल."