रावसाहेब पाणी का पीत नाहीत?

"आधी रावसाहेब!" गोगलगाय म्हणाली.

"आधी पोहायला!" ढोल ओरडला. खरं तर तो साध्या आवाजात बोलला होता, पण त्याचा साधा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जायचा.

"मतदान घेऊ," वकील म्हणाला. "रावसाहेबांच्या बाजूने एक, पोहण्याच्या बाजूने एक. मी तटस्थ. शेपूट लहान आहे, त्याला मत नाही."

"मला मत आहे!" शेपूट म्हणाला. "मला रावसाहेब!"

झालं. चौघं निघाले.

सुट्टीचा पहिलाच दिवस होता तो. तेव्हाच्या सुट्ट्या लांबरुंद असत, त्यात कुठलेही वर्ग नसत, आणि मुलं दिवसभर कुठे आहेत याची चौकशी मोठी माणसं फक्त जेवायच्या वेळी करत. तीही ताट मांडायचं म्हणून.

गोगलगाय अकरा वर्षांची. चालता चालता ती थांबे आणि भिंतीवरच्या मुंग्या कुठे निघाल्या आहेत ते बघत राही. मुंग्या पोहोचत, हिची शाळा बुडे. म्हणून हे नाव. वकील बारा वर्षांचा; गणित चुकलं तरी तो गुरुजींना तडजोडीवर आणत असे. शेपूट हा त्याचा धाकटा भाऊ. त्याला कुणी कधी बोलावलेलं नसे, पण तो नेहमी हजर असे.

आणि रावसाहेब म्हणजे बेडूक. पोट पुढे काढून, डोळे अर्धे मिटून, भाषण संपायची वाट बघत असल्यासारखा बसणारा एक जाडजूड बेडूक. गोगलगायीने त्याला टाचणीच्या डोक्याएवढा असल्यापासून ओळखलं होतं. मागच्याच्या मागच्या सुट्टीत तिने त्याला बरणीत वाढवलं होतं. पुढे आईने "एक तर तो राहील, नाहीतर मी!" असं जाहीर केल्यावर तिने त्याला स्वतःच्या हातांनी प्राणिघरात नेऊन ठेवलं होतं, आणि कानात सांगितलं होतं, "तुला काही होऊ देणार नाही."

प्राणिघर वाचनालयाच्या मागे होतं. चार खोल्या, मधे अंगण, मागे डबकं. जखमी, सापडलेले, कुणी नको म्हणून सोडलेले असे प्राणी तिथे राहत. पूर्वी गोगलगायीची मावशी लक्ष घालायची. ती जनावरांची डॉक्टर. पण तिचं काम गावोगाव वाढलं, तेव्हा समितीने एक व्यवस्थापक नेमले. त्यांनी जन्मभर चपला-बुटांचं दुकान चालवलं होतं. समितीचं म्हणणं असं, की दुकान सांभाळलं तो प्राणिघरही सांभाळेल. दोन्हीकडे खोकीच तर नीट लावायची असतात.

व्यवस्थापक दारातच उभे होते. त्यांनी मुलांकडे पाहिलं, म्हणजे मुलांच्या पायांकडे पाहिलं.

"पाच नंबर," ते गोगलगायीला म्हणाले. "उजवी टाच झिजलीय. पाय फरफटत चालतेस. आत या, पण हात लावू नका. चार वाजता अध्यक्षीणबाई येणार आहेत. नव्या मांडणीचं उद्घाटन!"

"नवी मांडणी?"

"वाच की!" त्यांनी अभिमानाने बोट दाखवलं.

चारही दारांवर रंगवलेल्या पाट्या होत्या. 'पाय नसलेले.' 'दोन पायांचे.' 'चार पायांचे.' 'पुष्कळ पायांचे.'

"अगोदर नुसता गोंधळ होता," व्यवस्थापक म्हणाले. "कोण कुठे, काही पत्ता लागेना. मी म्हटलं, पाय मोजा! परवा सगळ्यांना हलवलं. आता आंधळासुद्धा शोधून काढेल."

मुलं आत शिरली. पाय नसलेल्यांच्या खोलीत माशांच्या टाक्यांशेजारी धामणीची काचपेटी होती. माशांसाठी खोली थंड आणि ओलसर ठेवलेली, त्यामुळे धामण वेटोळं करून गारठल्यासारखी पडली होती. दोन पायांच्या खोलीत पोपट आणि कोंबड्या, आणि दांडीला उलटं लटकलेलं एक वटवाघूळ. त्याच्यासमोर ज्वारीच्या दाण्यांची वाटी होती. कोंबड्या त्याच्याकडे 'कुणाच्या घरचं हे वळण' अशा नजरेने पाहत होत्या.

"वटवाघूळ पक्षी आहे?" शेपटाने विचारलं.

"पाय दोन आहेत," वकील म्हणाला. "आणि पाटीवर फक्त पाय लिहिलेत."

गोगलगाय केव्हाच चार पायांच्या खोलीत गेली होती. तिथे ससे, गिनीपिग, सरडे, कासव. सरड्यांना ऊब हवी म्हणून मोठा दिवा लावलेला, सशांना कोरडं हवं म्हणून सगळीकडे पेंढा. आणि कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात, पेंढ्यावर, रावसाहेब.

त्यांच्या अंगाची चकाकी गेली होती. कातडी जुन्या पिशवीसारखी सुरकुतलेली. गोगलगायीने जाळीवर बोट टेकलं. ते हलले नाहीत.

"रावसाहेब?"

एक पापणी हळूच वर गेली आणि खाली आली.

"काका!" ती ओरडली. गोगलगाय ओरडते हे त्या दिवशी तिघांना प्रथमच कळलं. "याला पाणी नाही!"

"नाही कसं?" व्यवस्थापक धावत आले. "हे काय आहे?"

पिंजऱ्याला पाण्याची बाटली उलटी लावलेली होती. खाली बारीक नळी. सगळ्या पिंजऱ्यांना तशीच. सशांच्या बाटल्या निम्म्या झाल्या होत्या. रावसाहेबांची मात्र गळ्यापर्यंत भरलेली.

"परवापासून थेंब प्यायलेला नाही," व्यवस्थापक म्हणाले. "तोंडाशी नळी दिलीय. आता पाजायला दाई ठेवू का? हट्टी आहे झालं!"

"त्याला बाहेर काढू द्या ना!"

"आज काहीही हलणार नाही. एकदा मांडलं ते मांडलं!"

चौघं वाचनालयात धावले. तिथे टेलिफोन होता. मावशी सापडली, पण लांबच्या एका गोठ्यात.

"मावशी, रावसाहेब पाणी पीत नाहीत! त्यांना सरड्यांच्या खोलीत पेंढ्यावर ठेवलंय!"

"गाय अडलीय माझी, भराभर बोल. तू त्याला पाणी पिताना कधी पाहिलं आहेस का?"

गोगलगाय आठवू लागली. तिने रावसाहेबांना माशी पकडताना पाहिलं होतं. घास गिळताना त्यांचे डोळे आत जातात, हेही तिला ठाऊक होतं. पण पाणी पिताना?

"नाही," ती चकित होऊन म्हणाली. "कधीच नाही!"

"मग तो बसायचा कुठे?"

"पाण्यात. पोटापर्यंत."

"मग आता तूच सांग."

"पोटाने पितो?!"

"कातडीने. अंगातून पाणी आत घेतो, श्वाससुद्धा पुष्कळसा तिथूनच. कातडी सुकली, की तोंड उघडं असून जीव गुदमरतो. त्याला सरड्यांच्या खोलीत कुणी ठेवलं?"

"नवीन काकांनी. पाय मोजून."

तिकडे मावशीने जे काही म्हटलं ते बहुधा गायीला उद्देशून असावं. "अगं, चार पाय तर टेबलालाही असतात! प्राणी ओळखायचा तर आधी बघ, पाठीला कणा आहे का. मग अंगावर काय आहे? केस, पिसं, खवले की नुसती ओली कातडी? मग श्वास कसा घेतो, पिल्लं कशी होतात? सरड्याला खवले असतात, ऊन चालतं. तो सरपटणारा. बेडकाचं बालपण पाण्यात आणि मोठेपण काठावर, म्हणून उभयचर. दोन्ही घरचा. ऐक, त्याला तासाभरात ओला करा. डबक्याचं पाणी घ्या. आणि कोरडे हात लावू नकोस! मी निघते, पण मला दुपार होईल."

गोगलगायीने फोन ठेवला. ती तिघांकडे वळली. "तासाभरात."

"पिंजरा पळवू!" ढोल म्हणाला. वाचनालयातल्या सगळ्यांनी वर पाहिलं.

"किल्ली त्यांच्या कमरेला आहे," वकील म्हणाला. "आणि ते दुष्ट नाहीत. नियमाचे आहेत. नियमाच्या माणसाला नियमानेच पकडावं लागतं. पण कसं?"

विचार करायला ते मागच्या डबक्यावर गेले. गोगलगाय काठावर बसली. तिथूनच तिने ती बरणी भरली होती. पाण्यात पुन्हा तेच काळे ठिपके वळवळत होते, जणू मधली दोन वर्षं गेलीच नव्हती. तिला डोळ्यांतलं पाणी पुसावंसं वाटलं नाही; कुणी बघत नव्हतं.

शेपूट मात्र पाण्यात वाकून बघत होता. "ए, याला फक्त शेपूट आहे. आणि याला मागे दोन पाय आहेत! म्हणजे ही कोंबडी का?"

वकील ताडकन उभा राहिला.

"शेपट्या," तो म्हणाला, "आजपासून तुला मत आहे!"

थोड्याच वेळात वकील बरणी घेऊन व्यवस्थापकांसमोर उभा होता.

"साहेब, नवीन प्राणी भरती करायचे आहेत. कुठल्या खोलीत ठेवू?"

व्यवस्थापक खूश झाले. भरतीची ही पहिलीच वेळ. त्यांनी चष्मा चढवला. "पाय नाहीत. पहिली खोली."

"पण हा बघा. याला दोन आहेत."

"अं? मग हा दुसऱ्या खोलीत."

"कोंबड्यांबरोबर?"

"नियम म्हणजे नियम."

"आणि हा? चार पाय आणि शेपूट."

"चार पायांच्या खोलीत! कठीण काय आहे त्यात?"

"कठीण एवढंच," वकील आवाज खाली आणत म्हणाला, "की ही तिघं सख्खी भावंडं आहेत. आज ज्याला पाय नाहीत त्याला काही दिवसांनी दोन फुटतील, मग चार. तुम्ही त्याला दर आठवड्याला बिऱ्हाड बदलायला लावणार?"

व्यवस्थापकांनी बरणी उजेडात धरली. मग बरणी घेऊन ते पहिल्या खोलीच्या दाराशी गेले. तिथून दुसऱ्या. तिथून तिसऱ्या. परत पहिल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"असं कसं होईल?" ते पुटपुटले. "पुरावा काय?"

"साक्षीदार!" ढोल गरजला, आणि कोंबड्यांनी एकच कालवा केला.

गोगलगाय पुढे आली. तिला चारचौघांत बोलायला आवडत नसे. पण पेंढ्यावरचा तो सुरकुतलेला जीव तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"काका, मी पाहिलंय. मी रोज बघत होते. आधी रावसाहेब माशासारखे होते, कल्ल्यांनी श्वास घ्यायचे. मग मागचे पाय आले. मग पुढचे. मग शेपूट आटत गेली. एक दिवस ते बरणीतल्या दगडावर चढून बसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते चार पायांचे आहेत, पण सरड्यासारखे नाहीत. अंगावर खवला नाही त्यांच्या. ते कातडीने पाणी पितात. नळी कितीही दिली तरी ते पिणारच नाहीत, काका, त्यांना येतच नाही! ते हट्टी नाहीत. ते मरताहेत."

 व्यवस्थापकांचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला आणि तिथेच अडखळला.

"पण चार वाजता अध्यक्षीणबाई..."

"अध्यक्षीणबाई कधीच्या आल्या आहेत," दारातून आवाज आला. पांढऱ्या केसांच्या एक ताठ बाई छत्री टेकून उभ्या होत्या. "त्या पोराचा आवाज माझ्या दिवाणखान्यात ऐकू आला. उघडा पिंजरा."

पिंजरा उघडला. गोगलगायीने दोन्ही हात बादलीतून आणलेल्या डबक्याच्या पाण्यात बुडवले, ओल्या ओंजळीत रावसाहेबांना उचललं आणि पसरट घमेल्यात, बोटभर पाण्यात ठेवलं. ओला पाला वर धरला. सगळे वाकून बसले. अध्यक्षीणबाईसुद्धा, त्यांचा गुडघा कटकन वाजला, पण कुणी हसलं नाही.

काहीच होईना.

"उशीर झाला का?" व्यवस्थापकांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता.

गोगलगाय बघत राहिली. बघत राहणं तिच्याइतकं कुणालाच जमत नसे. बाकीच्यांचे पाय अवघडले, शेपूट दोनदा उठून फिरून आला. आणि मग तिला दिसलं. गळ्याखालची कातडी हलली. आत, बाहेर. पुन्हा आत, बाहेर. रावसाहेबांनी मागचे पाय पसरले, पोट पाण्यावर सपाट टेकवलं, अगदी दमून घरी आलेला माणूस गादीवर अंग टाकतो तसं.

"पिताहेत!" ती कुजबुजली. "काका, बघा, पिताहेत!"

"रावसाहेब झिंदाबाद!" ढोल ओरडला, आणि त्या दिवशी त्याला कुणीही हळू बोल म्हटलं नाही.

मावशी दुपारी चिखलाच्या बुटांनी आली, तेव्हा पाट्या उतरवण्याचं काम चालू होतं. व्यवस्थापक शिडीवर होते, वकील खालून प्रश्न विचारत होता.

"कणा आहे?"

"आहे."

"अंगावर?"

"केस. पिल्लाला दूध पाजतं. अरेच्चा! मग वटवाघूळ सशांच्या नात्यातलं?"

"लांबच्या," मावशी म्हणाली. "आणि तुमच्याही."

व्यवस्थापक शिडीवरून उतरले. मग वटवाघळाला त्यांनी स्वतः पेरूची फोड कापून दिली. धामण सरड्या-कासवांच्या उबदार खोलीत गेली आणि तिने वेटोळं सोडलं. अर्थात काचपेटीतच, नातं असलं तरी विश्वास वेगळा. कणा नसलेल्यांना, म्हणजे कोळी, खेकडा आणि गोगलगायींना, वेगळी खोली मिळाली. ढोलाने यावर जो विनोद करायचा तो केला, आणि गोगलगायीने त्याला जो धपाटा घालायचा तो घातला.

मावशीने रावसाहेबांना तपासलं. "आणखी थोडा वेळ गेला असता, तर मी येऊन काही उपयोग नव्हता. शिकून मला जे कळलं, ते या पोरीने बघून ओळखलं होतं. मी फक्त विचारलं."

"मी ठराव मांडते," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "या चार मुलांनी समितीची अब्रू वाचवली. तशी ती थोडीच उरली होती, पण होती ती वाचवली. शाबास! शेपूट कोण? तू? प्रश्न तुला सुचला ना? पुढे ये, हात मिळव."

शेपूट पुढे आला. पुढे कसं यायचं ते त्याला नीटसं ठाऊक नव्हतं, पण तो आला.

त्या प्राणिघराच्या जागी आज गाड्या उभ्या करायची जागा आहे. डबकं बुजलं. चौघं चार दिशांना गेले, मोठे झाले, आणि त्यांना त्यांच्या खऱ्या नावांनी हाक मारणारी माणसं भेटली. पण गोगलगायीला अजून, एखादी दुपार उगाच लांबली की, त्या दिवसाची अखेर आठवते.

उन्हं उतरली होती. ती घमेल्याशी बसली होती. मनाशी ठरवत होती की रावसाहेबांना घरी न्यायचं. आई काय म्हणायचं ते म्हणो. तेवढ्यात व्यवस्थापक आले. त्यांनी बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. बादलीत त्यांनी दोन्ही हात बुडवले, बराच वेळ बुडवून ठेवले, आणि मग ते टपकणारे हात तिच्यापुढे धरून उभे राहिले.

"दुकानात असं कधी होत नसे गं," ते म्हणाले. "चप्पल खोक्यात ठेवली की चप्पलच राहायची. मला माहीतच नव्हतं. मला देशील का तो? शिकेन मी."

गोगलगायीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे. नेहमीसारखाच तिने भरपूर वेळ लावला. व्यवस्थापकांनी हात खाली घेतले नाहीत.

मग तिने रावसाहेबांना अलगद उचललं आणि त्या ओल्या ओंजळीत ठेवलं.

"पोटाखालून धरा, काका," ती म्हणाली. "घट्ट नको. हं, असं."